बिनभोकाचं कार्ड

डिब्रुगडहून फोटो आला.
झाकण उघडलेलं. आत शहाण्णव घरांची जाळी,
आणि जाळीवर पिवळ्या टिपा आडव्यातिडव्या,
लग्नात मांडवाबाहेर चपला पडाव्यात तशा.
खाली एक ओळ: कृपया बघावे.

बघितलं.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, पंखा गरम वारा ढकलत असताना
मी नवा डबा चौथ्या पायरीवरून टाकला.
मग कोपऱ्यावर टाकला. मग कडेवर.
वॉचमन दासरी म्हणाला, काय बे साहेब,
राग कुणाचा अन् काढताय कुणावर.
उघडलं तर अकरा टिपा घर सोडून बसलेल्या.

चूक माझीच, मिलिमीटरमध्ये सांगता येईल इतकी:
झाकण आणि टिपांची डोकी, मध्ये साडेचार.
कशाचा स्पर्श नको म्हणून मीच ठेवलेली मोकळीक.
तीन ट्रक, दोन गोदामं,
वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याने त्या साडेचारात हात घातला.

राजव्वा गुंडेटी दोन वर्षं झाली पॅकिंगला आहे.
त्याआधी तीस वर्षं विड्या.
बोटं अजून पंचवीसवर थांबतात,
शहाण्णव म्हणत नाही ती,
तीन कट्टे आणि एकवीस म्हणते.
तिने डबा नारळासारखा कानाशी हलवला.
आत गावभर जागा सोडलीस की रे.
कट्टा असा वाजला असता
तर चेकरने अख्खा छाटात टाकला असता.
तीस वर्षं छाटाचे पैसे कापून घेतलेल्या बाईचा कान.
मी वहीत लिहून घेतलं: आवाज.

रात्री डबा घरी नेला, भद्रावती पेठेत.
नाना जॅकार्डची कार्डं मारायचे.
ग्राफवरचा मोर चौकोन-चौकोन वाचत
पुठ्ठ्याला भोकं. भोक असेल तिथे धागा वर,
नसेल तिथे खाली.
जाळी त्यांनी ट्यूबलाइटकडे धरली.
आठ बाय बारा. डिझाइन काय आहे?
डिझाइन नाही नाना, सगळीच भोकं.
म्हणजे सगळे धागे वर, ते म्हणाले,
आणि त्यांना ते जरा वाईट वाटलं.

टिकते किती?
एक थेंब. उचलायचा, सोडायचा, टीप कचऱ्यात.
ते ज्या चादरीवर बसले होते
ती माझ्या बारशाच्या आधीची.
हात फिरवला तिच्यावरून, किनारीपर्यंत.
मग म्हणाले, कुणाचं रक्त असेल ना त्या थेंबात.
पोचू दे की नीट.

माळ्यावरून जुना पुठ्ठा काढला,
जाळीच्या मापाचा कापला, कोपरे गोल केले,
टिपांच्या डोक्यांवर ठेवून झाकण दाबलं.
पंच हातात होता, सवयीने.
वापरला नाही.
चाळीस वर्षांतलं त्यांचं पहिलं कार्ड, एकही भोक नसलेलं.

पुठ्ठा अर्थात चालला नाही. धूळ सोडतो,
डबा निर्जंतुक व्हायचा असतो.
तेच माप पातळ प्लॅस्टिकमध्ये काढलं, तीनदा बिघडलं,
एकदा उन्हात उभ्या टेम्पोत पापडासारखं वळलं.
चौथ्या वेळी पायरीवरून टाकलं: शून्य.
कोपऱ्यावर: शून्य.
राजव्वाने कानाशी हलवलं आणि तोंड वाकडं केलं,
मुका झाला की हा.

आता माल रात्री भरतो, दिवसाचं ऊन पत्र्यातून उतरल्यावर.
वर बाण, खाली बाण नाही,
ही बाजू वर, मराठी, हिंदी, इंग्रजी.
हमाल कुठली बाजू वर ठेवतात ते त्यांना ठाऊक.
डिब्रुगडहून काही आलं नाही.
काही न येणं हीच आमची पावती.

पुठ्ठ्याचं ते कार्ड नानांनी टाकलं नाही.
कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलंय,
आणि कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर: १.
विचारलं तर म्हणाले, नंबर लागतोच कार्डाला,
नाहीतर मोराची मान शेपटीला जाते.